चोळीबांगडीचं बंगळूर

बिरकत अल अवामेर हे नाव आपल्या मंडळातल्या बहुतेकांनी रस्त्यावरच्या पाटीवर वाचलं असेल आणि गाडी पुढे नेली असेल. थांबण्यासारखं तिथे काही नाही. गोदामं, ट्रेलरच्या रांगा, कामगारांच्या वसाहती आणि वारा सुटला की सगळ्यांवर सारखीच बसणारी धूळ. बिरका म्हणजे पाण्याचा साठा, आणि अवामेर हे अरबांच्या एका जमातीचं नाव. म्हणजे आपल्याकडच्या ‘पाटलाचं तळं’सारखंच झालं हे. माझा नवरा तिथल्या एका गोदामात मालाचा हिशेब सांभाळतो. त्यामुळे आमच्या घरचं जेवण, मुलांची झोप, शुक्रवारचा बाजार, सगळं बिरकतच्या पाळ्यांप्रमाणे चालतं.

त्याच गोदामात कुंभकोणमकडचे एक गृहस्थ आहेत. सहा महिने माझा नवरा त्यांना तमिळच समजत होता, आणि ते तमिळच आहेत म्हणा. पण एके दिवशी ते आईशी फोनवर बोलताना याने ऐकलं. हेल तमिळचा, शब्द मात्र मराठी, आणि तेही असे की आपल्या आजीच्या तोंडी शोभावेत. तंजावरकडची मराठी! मग अर्थातच एका शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला आले. वरणभात, बटाट्याची भाजी, ज्वारीची भाकरी. भाकरी त्यांना नवी होती, वरण नव्हतं.

जेवताना मी कौतुकाने विचारलं, “म्हणजे तुम्ही महाराजांच्या वेळेपासून तिकडे?”

ते हसून म्हणाले, “तुमच्या महाराजांच्या नाही, आमच्या. तुम्ही थोरल्या घरच्या, आम्ही धाकट्या घरचे. तुमचे महाराज आमच्या राजाकडे वाटणी मागायला आले होते.”

मी लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं बुलढाणा जिल्ह्यात शाळेत शिकवत होते. एम.ए. इतिहासातलं. चौथीच्या मुलांना दक्षिणेची मोहीम मी दर वर्षी शिकवली आहे, आणि व्यंकोजीराजांची भेट त्यात दोन मिनिटांत उरकली आहे. सावत्र भाऊ, समजूतदारपणा कमी, महाराजांनी मोठ्या मनाने समजावलं, पुढचा धडा. समोर बसलेल्या माणसाच्या एका वाक्याने मला माझी ती दोन मिनिटं आठवली आणि जरा लाज वाटली. त्यानंतरचे दोन-तीन महिने, मुलं शाळेत गेली की, मी ही वाटणी वाचत बसले. आता दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितल्यावर दुसरं काही सुचेना.

*

वाटणीची गोष्ट लग्नापासून सुरू करावी लागते. आपल्याकडे असंच असतं.

माझं माहेर सिंदखेडराजापासून फार लांब नाही. शाळेची सहल दुसरीकडे कुठे नाही गेली तरी सिंदखेडला जायचीच. लखुजीराव जाधवांचा वाडा, त्यांची भव्य समाधी, मोती तलाव. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवणारं हे घराणं, निजामशाहीतलं बडं प्रस्थ. वेरूळचे मालोजी आणि विठोजी भोसले त्यांच्या मानाने नवे. बखरीतली रंगाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. लहानगा शहाजी आणि लहानगी जिजाऊ एकमेकांवर रंग टाकत होती, लखुजीराव कौतुकाने म्हणून गेले की जोडा छान दिसतो, मालोजी तेवढ्यावर उठून उभे राहिले आणि भरल्या सभेत सोयरीक झाल्याचं जाहीर केलं. जाधवांच्या घरात राग उसळला. पुढे मालोजींचा दरबारातला दर्जा वाढला आणि लग्न झालं.

गोष्ट गोड आहे, पण माझा तिच्यावर विश्वास नाही. मालोजींची बायको फलटणच्या निंबाळकरांची लेक होती. निंबाळकरांनी ज्या घरात मुलगी दिली ते घर रस्त्यावरचं असणार नाही. दोन सरदार घराण्यांनी हिशेब करून जुळवलेलं हे लग्न होतं, आणि हिशेबाच्या लग्नाला नंतर कुणीतरी रंग लावला, एवढंच.

तो हिशेब किती टिकला? एकदा निजामशाहीचा दरबार उठल्यावर खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. लखुजीरावांचा मुलगा दत्ताजी त्या हत्तीवर तुटून पडला, विठोजींची मुलं हत्तीच्या बाजूने उभी राहिली. हत्ती राहिला बाजूला आणि जाधव-भोसल्यांचीच जुंपली. दत्ताजी मारला गेला. चिडलेले लखुजीराव माघारी फिरले, त्यांनी विठोजींच्या संभाजीला मारलं, आणि खुद्द जावई शहाजीराजे जखमी झाले. परमानंदाच्या ‘शिवभारता’त ही हकिगत आहे. एका हत्तीपायी जिजाऊंचा भाऊ गेला, चुलतदीर गेला, आणि नवऱ्याला वडिलांच्या हातची जखम झाली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तर सासरे मोगलांकडून आणि जावई मलिक अंबराच्या बाजूने. त्या लढाईत शहाजीराजांचे सख्खे भाऊ शरीफजी पडले. पुढे लखुजीराव निजामशाहीत परत आले आणि १६२९ च्या जुलैत दौलताबादच्या किल्ल्यात, मुलांसह आणि नातवासह, दगा करून मारले गेले. त्या वेळी जिजाऊंना दिवस होते. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला.

सहलीला मुलांना मी समाधी दाखवायचे, पण हे सगळं सांगायचे नाही. चौथीच्या मुलांना काय सांगणार, की ज्या लग्नाने दोन घरं जोडायची होती त्या लग्नातल्या मुलीचं माहेरच उरलं नाही?

*

शहाजीराजांचं दुसरं लग्न सुप्याच्या मोहित्यांच्या तुकाबाईंशी झालं. सरदाराच्या एकाहून अधिक बायका हे तेव्हा रीतीला धरून होतं, त्यावर आज नाक मुरडून उपयोग नाही. महत्त्वाचं पुढे आहे. निजामशाही वाचवायला शहाजीराजांनी पेमगिरीला एका लहान मुलाला गादीवर बसवून तीन वर्षं झुंज दिली. १६३६ साली माहुलीला ती झुंज संपली आणि ते आदिलशाहीत गेले. १६३८ साली रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं, आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीचं ठाणं झालं. जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्या दरबाराचं वर्णन आहे. किती भाषांतले कवी तिथे जमायचे! म्हणजे आज आपले पुतणे-भाचे नोकरीसाठी ज्या शहरात फ्लॅट शोधत हिंडतात, तिथे एका मराठी सरदाराचा थाटाचा दरबार भरत होता.

आणि इथेच घराचे दोन भाग झाले. जिजाऊ आणि शिवाजीमहाराज काही काळ बंगळूरला राहून पुण्याला आले. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही जुनी जहागीर त्यांच्याकडे राहिली. थोरले संभाजीराजे, तुकाबाई आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी शहाजीराजांजवळ कर्नाटकात राहिले. थोरले संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत गेले. मागे राहिले दोन भाऊ, दोन आयांचे, दोन ठिकाणचे. एकाने आदिलशहाविरुद्ध उभं राहून स्वतःचं राज्य करायला घेतलं, दुसरा आदिलशहाची चाकरी करत वडिलांची जहागीर सांभाळू लागला. १६५६ साली महाराजांनी सुपे घेतलं तेही व्यंकोजींच्या सख्ख्या मामाकडून. तुकाबाईंच्या घरात त्या दिवशी काय बोलणं झालं असेल, याची कल्पना कुठल्याही सासुरवाशिणीला करता येईल.

२३ जानेवारी १६६४ ला शहाजीराजे शिकारीत घोड्यावरून पडून गेले. जागा होदिगेरे, आजच्या दावणगेरे जिल्ह्यातल्या चन्नगिरीजवळ. तिथे त्यांची समाधी आहे. इतक्या मोठ्या माणसाची समाधी आणि आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? जिजाऊ सती जायला निघाल्या, त्यांना महाराजांनी विनवण्या करून थांबवलं. आणि जहागीर व्यंकोजींकडे गेली.

कुणी वाटणी केली नाही. कुणी त्या वेळी मागितलीही नाही. ज्यांच्या घरी वडिलांच्या माघारी सातबारा तसाच राहतो, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

*

व्यंकोजींबद्दल आपल्या मनात जे चित्र आहे त्यात तंजावर कुठून आलं, हे बसत नाही. तंजावर ही शहाजीराजांची जहागीर नव्हतीच. तिथे नायक राजे होते. मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने १६७३ साली तंजावरच्या विजयराघव नायकाला मारून आपला माणूस, अळगिरी, तिथे बसवला. तंजावरच्या जुन्या घराण्याचा एक मुलगा वाचला होता. त्याच्या बाजूची माणसं विजापूरला गेली, आणि आदिलशहाने त्याला गादीवर बसवण्याचं काम व्यंकोजींवर सोपवलं. व्यंकोजींनी अळगिरीला पळवलं, पण थोड्याच काळात गादीवर स्वतः बसले. हे १६७५-७६ च्या सुमाराचं. म्हणजे महाराजांना राज्याभिषेक होऊन दीड-दोन वर्षं झाली असतील. जिजाऊ राज्याभिषेकानंतर बाराच दिवसांत गेल्या होत्या. दोन बायकांची दोन मुलं, दोघंही राजे झाली, आणि दोघांमध्ये वडिलांची न वाटलेली मालमत्ता.

वाटणीचा विषय उकरला तो एका कारभाऱ्याने. रघुनाथपंत हणमंते. त्यांचे वडील शहाजीराजांचे कारभारी, आणि हे स्वतः व्यंकोजींचे. मालकाशी बिनसलं आणि पंत महाराजांकडे आले. घरातला हिशेब ज्याला ठाऊक, तोच घराबाहेर पडला की काय होतं हे मी सांगायला नको.

१६७७ च्या सुरुवातीला महाराज भागानगरला कुतुबशहाला भेटले, मग खाली उतरले. जिंजी घेतली, वेलोरला वेढा बसला, शेरखान लोदीचा मोड झाला. दक्षिणेत भक्कम पाय रोवणं हाच या मोहिमेचा मोठा हेतू होता. वाटणी हा त्यातला एक धागा, पण खोटा धागा नव्हे. जुलैत कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमलवाडीला दोघे भाऊ भेटले. काही दिवस जेवणं झाली, देणीघेणी झाली. मग महाराजांनी विषय काढला. वडिलांच्या मिळकतीत निम्मा वाटा माझा, तेरा वर्षं तुम्ही एकट्याने खाल्ली, आता कागद दाखवा. व्यंकोजींनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, आणि एका रात्री छावणीतून निघून नदी ओलांडून तंजावरला गेले.

सकाळी महाराजांना कळलं तेव्हा ते फार दुखावले. मी काय त्याला कैद करणार होतो, असं ते म्हणाल्याचं बखरी सांगतात. मागे राहिलेल्या तंजावरच्या कारभाऱ्यांना त्यांनी मानाची वस्त्रं देऊन परत पाठवलं.

मुलांना शिकवताना मी इथे व्यंकोजींना भित्रा ठरवून मोकळी व्हायचे. आता मला ती रात्र वेगळी दिसते. समोर थोरला भाऊ, ज्याने अफजलखानाला मारलं, शाइस्ताखानाची बोटं छाटली, आग्र्याहून निसटला. त्याची फौज तुमच्या दाराशी आहे, त्याच्या शेजारी तुमचाच जुना कारभारी बसलाय, आणि तो प्रेमाने म्हणतोय की बस, वाटणीचं बोलू. मीसुद्धा नदी ओलांडली असती.

बरोबर कोण होतं? हा प्रश्न मी आमच्या पाहुण्यांबरोबर पुन्हा एका शुक्रवारी घातला. ते व्यंकोजींचे वकील, मी महाराजांची. खरं तर हा खटला विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’समोर चालायला हवा होता. हिंदू कुटुंबाच्या वाटणीचा हा मोठा ग्रंथ कल्याणच्या चालुक्यांच्या दरबारात, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला लिहिला गेला. ‘मिताक्षरा’ सांगते की वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो. म्हणजे महाराजांचा निम्मा वाटा पक्का, मग ते वडिलांजवळ राहिले असोत किंवा नसोत. पण तीच ‘मिताक्षरा’ पुढे म्हणते की वडिलांच्या मालाला धक्का न लावता ज्याने स्वकष्टाने मिळवलं, ते त्याचं एकट्याचं. तंजावर कोणत्या रकान्यात घालायचं? व्यंकोजी म्हणणार, मी तलवारीने मिळवलं. महाराज म्हणणार, तलवार वडिलांच्या फौजेची होती, फौजेचा पगार वडिलांच्या जहागिरीतून गेला.

त्याहून अवघड प्रश्न जहागिरीचा. जहागीर ही मुळात मालमत्ता आहे का? ती बादशहाच्या फर्मानाने मिळते, चाकरीच्या बदल्यात. चाकरी करेल त्याची जहागीर. आदिलशहाशी लढणाऱ्या मुलाने आदिलशहाने दिलेल्या जहागिरीत वाटा मागायचा, हे कोणत्या न्यायाने? आमचे पाहुणे इथे टेबलावर बोट आपटून म्हणाले, “कंपनीचं क्वार्टर वाटून मागतात का कोणी?” बिरकत अल अवामेरमध्ये राहणाऱ्या माणसालाच ही उपमा सुचणार.

पण मी हरले नाही. कारण क्वार्टर म्हणावं तर शहाजीराजांनी ते घर म्हणून उभं केलं होतं, आणि महाराजांनी पुण्याची जुनी जहागीर, वडिलांची, कुणाच्या फर्मानाची वाट न पाहता राज्याचं बीज म्हणून वापरली. त्यांच्या लेखी जमीन बादशहाची नव्हतीच. तिथेच सगळा फरक आहे. धाकटा भाऊ आदिलशहाचा कायदा धरून बोलत होता, थोरल्याने तो कायदाच मोडीत काढला होता.

*

पुढे व्हायचं ते झालं. महाराजांनी कोळ्ळिडमच्या उत्तरेचा मुलूख घेतला, परतीच्या वाटेवर वर म्हैसूरच्या बाजूची शहाजीराजांची ठाणीही घेतली. महाराजांची पाठ वळल्यावर १६७७ च्या नोव्हेंबरात व्यंकोजी चालून आले. त्यांना अडवायला उभे होते रघुनाथपंत आणि संताजी भोसले. हे संताजी शहाजीराजांचेच आणखी एक पुत्र. म्हणजे लढाईत दोन्हीकडे शहाजीराजांची मुलं. आजोबांच्या वेळच्या हत्तीची आठवण होते. माणसं दोन्हीकडची मेली, आणि व्यंकोजींना माघार घ्यावी लागली.

आणि या ठिकाणी एक बाई गोष्टीत येते. दीपाबाई, व्यंकोजींची बायको, इंगळ्यांच्या घरची. बखरी सांगतात की तिने नवऱ्याला समजावलं: थोरल्या भावाशी वैर धरू नका, वाटा द्या, आणि जो रघुनाथपंत दुखावून गेला त्यालाच मध्ये घालून बोलणी करा. शेवटचा सल्ला मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. ज्याच्यामुळे भांडण पेटलं त्यालाच ते विझवायला लावायचं. हे राजकारण शिकलेल्याला सुचत नाही, एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला सुचतं.

तह झाला. बखरीत त्याची एकोणीस कलमं दिली आहेत. बाकीची कलमं वाचताना मी भराभर पुढे जात होते आणि एका कलमाशी अडकले. ते पुन्हा वाचलं, मग नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

त्यात महाराज म्हणतात, बंगळूर, होसकोटे आणि आसपासचा मुलूख मी चिरंजीव सौभाग्यवती दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी देतो. उत्पन्न दोन लाखांचं, व्यवस्था नीट राहिली तर पाच लाखांपर्यंत जाणारं. कारभार मुलांनी पाहावा, पण हक्क दीपाबाईंचा. आणि त्यांच्यामागे त्या ज्या मुलीला देतील तिने तो उपभोगावा. मुलगी! मुलगा नाही, सून नाही, दत्तक नाही. व्यंकोजींनाही दूधभातासाठी म्हणून मुलूख दिला, तो वेगळा.

ही कलमं आपल्यापर्यंत बखरीतून आली आहेत, त्यामुळे शब्द न् शब्द महाराजांचा असं मी म्हणणार नाही. पण या कलमाची घडण शास्त्राला धरून आहे. स्त्रीधन आईकडून आधी मुलीकडे जातं, ही ‘मिताक्षरे’चीच रीत. म्हणजे दोन भावांत ज्या मुलखावरून लढाई झाली, तो मुलूख दोघांच्याही हातातून काढून स्त्रीधनाच्या पेटीत ठेवला. आता धाकट्याला कमीपणा नाही, कारण मुलूख त्याच्याच घरात राहिला. थोरल्याने मागणं सोडलं असंही नाही, कारण दिला त्याने. आणि उद्या पुतण्यांनी त्यावरून तलवार काढायची म्हटलं तर ती आत्याच्या किंवा बहिणीच्या पदरावर काढावी लागेल. चोळीबांगडी हा शब्द आपण भाऊबीजेच्या ओवाळणीला वापरतो, पाचशे रुपयांच्या पाकिटाला. इथे त्या शब्दात सगळं बंगळूर बसवलं होतं.

महाराज १६८० साली गेले. १६८७ मध्ये मोगलांच्या कासिमखानाने बंगळूर घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांना दिलं. त्या वेळी खुद्द तंजावरकरांचीच म्हैसूरशी बंगळूर विकण्याची बोलणी चालली होती. दूरचं ठाणं, सांभाळायला परवडत नव्हतं. मी वाचलेल्या एकाही हकिगतीत त्या सौद्यात दीपाबाईचं नाव येत नाही. चोळीबांगडी विकायला निघालेल्यांनी ती जिची होती तिला विचारलं होतं का?

तंजावरचं राज्य पुढे पावणेदोनशे वर्षं चाललं. दीपाबाईच्या मुलाने, दुसऱ्या शहाजीने, मराठी नाटकं लिहिली. दुसऱ्या सरफोजीने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. आमच्या पाहुण्यांनी लहानपणी तो शिलालेख बोटाने गिरवत वाचायचा प्रयत्न केला होता. १८५५ मध्ये शेवटचा राजा मुलगा नसताना गेला. बायका होत्या, मुली होत्या, पण कंपनी सरकारच्या लेखी वारस नव्हता. राज्य तर घेतलंच, खासगी मालमत्तेलाही कुलपं लावली. थोरल्या राणीने, कामाक्षीबाईसाहेबांनी, मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि जिंकला. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला: हे राज्यसत्तेने केलेलं कृत्य आहे, न्यायालयाला इथे अधिकार नाही. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला अजून शिकवतात.

*

हे सगळं मी एवढ्या मन लावून का वाचलं, ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. आठ एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन आणि थोडा कापूस. या उन्हाळ्यात माझ्या भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. इथल्या वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठव, बाकी मी बघतो. खाली हात जोडल्याची खूण. आपल्या मंडळातल्या किती जणींच्या फोनमध्ये असा मसुदा पडून आहे, हे मला गणपतीत कळलं. मी एकीला सांगितलं आणि चार जणी जवळ सरकल्या. कायदा आपल्या बाजूचा आहे. महाराष्ट्राने मुलींना १९९४ मध्येच हक्क दिला, देशाने २००५ मध्ये. पण “बहिणीने सही केली नाही” हे गावात कसं बोललं जातं, तेही आपल्याला माहीत आहे.

गंमत अशी की या गोष्टीत मी कोण, ते मला ठरवता येईना. मुलगी म्हणून मी दीपाबाईच्या बाजूची. पण दूर जाऊन, स्वतःचं मांडून, तेरा वर्षांनी वाटा मागणारी म्हणाल तर मी थोरल्या घरची. माझा भाऊ व्यंकोजी. जो थांबला तो. बोअर आटली तेव्हा तो होता, बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा तो होता. मी इथून व्हिडिओ कॉलवर होते. त्याने मसुदा पाठवला यात लबाडी नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की सांभाळलं त्याचं.

पण सांभाळलं कुणी? तीन वर्षं बाबांची कूस बदलली ती माझ्या वहिनीने. आईच्या गोळ्यांच्या वेळा तिच्या पाठ. आणि मसुद्यात तिचं नाव कुठेच नव्हतं. शेताच्या कुठल्याच कागदावर नाही.

मी गावाकडच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्या नावे होतं, म्हणजे भावाच्या किंवा आईच्या. वहिनीला द्यायचं तर आधी तुमचा हिस्सा तुमच्या नावे लागू द्या, मग बक्षीसपत्र करा. खर्च थोडा जास्त. मी म्हटलं, चालेल. भावाला कळवलं की माझ्या हिश्शाचं हक्कसोड मी करत नाही, तो हिस्सा मी वहिनीला चोळीबांगडी म्हणून देते. नांगर तूच धर, नाव तिचं राहील.

भाऊ आठ दिवस बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही. व्यंकोजींनी तर नदी ओलांडली होती.

नवव्या दिवशी वहिनीचा फोन आला. मागे कुकरची शिट्टी, पोरींचा गलका. तिला दोन मुली आहेत. आधी ती माझ्यावर थोडी रागावली, “ताई, माझं नाव कशाला मधात घातलं?” मी तिला बंगळूरची गोष्ट सांगितली, जमेल तेवढी थोडक्यात. ती ऐकत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “म्हणजे ते पुढे पोरींच्या नावानं करता येते का? मी ठरवीन तिच्या?”

मी म्हटलं, “येतं.”

“थांबा मग,” ती म्हणाली, “कुकर उतरवून येते. आधार कार्डाची झेरॉक्स लागते का, तेवढं सांगा.”